बिनक्लचच्या गाडीचं तेल

गावात माझी गाडी कोणी उसनी मागत नाही. ट्रॅक्टर मागतात, फवारणीचा पंप मागतात, लग्नाला सतरंज्या नेतात आणि परत देताना एक कमी देतात. पण माझ्या पिकअपला कोणी हात लावत नाही. सुरुवातीला दोघातिघांनी लावून पाहिला. सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला, तिथे क्लच नव्हताच, मग पाय सगळ्या जोरानिशी ब्रेकवर पडला आणि चालवणाऱ्याचं कपाळ काचेवर. तेव्हापासून तिचं नाव ‘बिनक्लचची’ पडलं ते पडलंच.

माझा डावा पाय मी दोन वर्षांची असताना पोलिओनं गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण कामचुकार सालदारासारखा आहे. हजेरीला असतो, कामाला नसतो. क्लच दाबणं त्याच्याच्यानं होत नाही, आणि माझ्या लायसनवरही तसंच लिहिलं आहे: मला क्लच नसलेलीच गाडी चालवता येते. अशा गाड्या शहरात पुष्कळ, पण त्या बसायच्या. मला खताची पोती वाहायची होती. शेवटी संभाजीनगरच्या बाजूला एका कारखान्यात परदेशी साहेबासाठी आलेली, आणि साहेब परत गेल्यावर शेडमध्ये धूळ खात पडलेली डबल कॅबिनची पिकअप मला मिळाली. तेव्हाच ती म्हातारी होती. मागचा एक फाळका बंद होत नव्हता, तो अजूनही तारेनं बांधते. पण गिअरचा दांडा ‘डी’वर ओढला की ती आपली आपण गिअर बदलत जायची आणि माझ्या डाव्या पायाकडे काही मागायची नाही. मला तेवढंच हवं होतं.

आमचं गाव चिखली आणि देऊळगाव राजाच्या मध्ये. इकडे बरेच जण शेडनेटखाली भाजीपाल्याचं बियाणं तयार करतात. माझं मिरचीचं आहे. नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलाला हातानं लावायचा, त्या फुलाला खुणेचा दोरा बांधायचा, आणि ज्याला दोरा नाही ते फळ निर्दयपणे तोडून टाकायचं. चिमटा थोडा जास्त दाबला तर फूल गळतं, थोडा कमी दाबला तर काम होत नाही. वीस वर्षं हे केल्यावर माणूस मापाचा होतो. गावात मला किचकट म्हणतात. मी ती शिवी समजत नाही.

आमचे बाबा अगदी उलटे. ऐंशीच्या पुढचे, धान्य कुडवानं मोजायच्या काळातले. कुडव काठोकाठ भरला तरी बाबांच्या लेखी तो अर्धाच. वर शीग चढायला हवी, म्हणजे धान्याचा निमुळता ढीग; तो इतका की दाणे चारी बाजूंनी ओघळायला लागले पाहिजेत. मग माप झालं. मजूर असो, सुतार असो, दारात आलेला कोणी असो, आमच्या घरातून सपाट माप कधी गेलं नाही. आता वजनकाटा आला, तरी काट्यावर किलो भरला की बाबा वर एक मूठ टाकतातच. पंगतीत ते वाढायला निघाले की लोक ताट घेऊन पळतात. ‘पुरे’ हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. कानाला मशीन लावल्यापासून तर मुळीच नाही.

गाडी येण्याआधी माझी वाहतूक माझ्या धाकट्या भावाकडे होती. तो शेजारच्याच घरात राहतो. माणूस चांगला आहे, माझं शेत तोच नांगरून देतो. बँकेत जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, मी त्याला सांगायचे आणि तो म्हणायचा, “नेतो ना ताई.” ‘नेतो ना’ या दोन शब्दांवर मी पंधरा वर्षं काढली. पिशवी भरून, चांगली साडी नेसून ओट्यावर बसायचं. आधी त्याच्या शेतात पाणी सुटायचं, मग कोणी भेटायला यायचं, मग जेवण, मग ऊन. “नेतो ना, थांब थोडीशी.” बँक बंद झाली की पिशवी आत नेऊन खुंटीला लावायची. त्यानं मला कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मी साडी तरी नेसले नसते.

हे एवढं सांगितलं, म्हणजे पुढे काय पणाला लागलं होतं ते कळावं.

यंदा हिवाळ्याच्या शेवटी मी देऊळगाव राजाला बियाणं पोचवायला निघाले होते. बाबा अंगणातून म्हणाले, “मी येतो. बालाजीचं दर्शन होईन.” मागे पोती होती, घाई होती. “आज नाही बाबा, नेते ना एखाद्या दिवशी,” म्हणत मी गाडी काढली. परत येताना चढावर गाडीचा आवाज एकदम वाढला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. बैल नुसता फुरफुरतो आणि पाऊल उचलत नाही, तसं. मग धक्का देऊन गिअर पडला आणि ती चालू लागली. पुढच्या चढाला पुन्हा तेच. घरी पोचेपर्यंत तिला करपल्याचा वास येत होता.

चिखलीला एक मिस्त्री आहेत. इतकी वर्षं माझ्या गाडीचे ब्रेक, बेअरिंग, सगळं तेच बघतात. पांढरी दाढी, डोळ्यांवर कायम खाली घसरलेला चष्मा, आणि न येणारं काम येतं म्हणून सांगायची खोड नाही. त्यांनी गाडी फिरवून पाहिली, खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, “ताई, झूठ नाही बोलत. हे ऑटोमॅटिक गिअरची पेटी मी आजवर खोलली नाही. खोलन, पन वापस बसन याची गॅरंटी नाही. आपल्या इकडं कोनीच नाही खोलत. त्यापेक्षा अशाच गाडीची जुनी क्लचवाली पेटी मिळते, ते बसवून देऊ. गाडी मस्त चालन.”

“चालवील कोण?” मी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे. “हाव, ते बी आहेच,” ते म्हणाले.

भावाला मात्र प्रश्नच पडला नाही. “टाकून घे ना क्लचची पेटी,” तो म्हणाला. “गाडी घरचीच राह्यते, मी चालवतो. तुले जिथं जायचं तिथं नेतो ना मी.” त्याचा चेहरा इतका मोकळा होता की मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हाताशी फक्त पाण्याचा तांब्या होता आणि तो पितळेचा होता, म्हणून राहिलं. मी एवढंच म्हटलं की मला पंधरा दिवस दे, तोवर पेटी आणू नको.

गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक साहेबाच्या काळापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. मी ते दोन रात्री वाचलं, मोबाइलवर परक्या देशातले लोक आपापल्या अंगणात हेच काम करताना पाहिले, आणि मला एक गोष्ट कळली. अशा पेटीत तेल फक्त वंगणाला नसतं. गाडी ओढण्याचा जोर इंजिनकडून चाकाकडे तेलातूनच जातो. क्लचचं काम तेल करतं. ते जळालं, घाण झालं, की पेटी घसरते. पेटी मेलेलीच असते असं नाही. कारखान्यात आणि नंतर माझ्याकडे, या गाडीचं हे तेल कधीच बदललेलं नव्हतं. इंजिनचं बदललं, डिफरन्शियलचं बदललं, आणि याला कोणी हात लावला नाही, कारण इकडे सगळ्यांना ट्रॅक्टर येतो आणि ट्रॅक्टरला असली भानगड नसते. यात माझीही चूक धरली पाहिजे. मापाची बाई म्हणवते आणि आठ वर्षांत त्या तेलाचं माप पाहायचा दांडा एकदाही बाहेर काढून पाहिला नव्हता.

तेल संभाजीनगरहून मागवलं. लाल, सरबतासारखं, एक एक लिटरचे आठ डबे. सोबत गाळणी आणि पेटीखालच्या तसराळ्याचं पॅकिंग. किती तेल लागेल ते नक्की सांगता येत नव्हतं, कारण सगळं तेल खाली येत नाही, काही आतच राहतं. म्हणून जास्तीचं मागवलं. पुस्तकात एक वाक्य ठळक छापलेलं होतं: जेवढं निघालं तेवढंच भरा, खुणेच्या वर जाऊ नका.

जागा म्हणून गोठ्यापुढची फरशी निवडली. गाडी सपाट उभी हवी, नाहीतर दांड्यावरचं माप खोटं येतं. गवंडी करतात तसं पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांपाशी पातळी पाहिली. मागची डावी बाजू दोन बोटं खाली होती, तिथे फळी सरकवली. बाबा खुर्ची टाकून बघत बसले होते. “घर बांधून राह्यली का गाडी दुरुस्त करून राह्यली?” त्यांनी विचारलं.

पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून मी खाली सरपटले. गाडीखाली एक बरं असतं. तिथे कोणीच धड चालत नाही, सगळ्यांनाच पाठीवर सरकावं लागतं. मला ते लहानपणापासून येतं. पाऊण तास मी कोणापेक्षाही कमी नव्हते, आणि मला त्या पाऊण तासात फार मजा आली, हे कबूल करते.

तसराळ्याचे बोल्ट एका बाजूनं ढिले केले की तेल हळूहळू खाली येतं. एका बाजूनंच करायचे, सगळे एकदम नाही. मी तसंच केलं, तरी पहिला लोंढा कोपरावर आलाच. लाल तेलाचा काळा काढा झाला होता. खिचडी बुडाला लागल्यावर येतो तसा वास. तसराळं उतरवलं तर आत दोन लोहचुंबक बसवलेले, आणि त्यांच्यावर राखाडी मऊ लगदा, केसाळ. लोखंडाची ती बारीक झीज. बोटानं पुसून बोटांत चोळली. पुस्तक म्हणत होतं, लगदा असेल तर वयाचा आहे, तुकडे असतील तर पेटी गेली. मी पुन्हा पुन्हा चोळून पाहिलं. तुकडा नव्हता.

निघालेलं तेल बियाण्याच्या कामाच्या मापानं मोजलं. पाच लिटर आणि थोडंसं. नवीन गाळणी बसवली, तसराळं धुऊन पुसून चढवलं, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, आणि ठोकळे काढून गाडी पुन्हा फरशीवर सपाट घेतली. दांड्याच्या नळीत नरसाळं लावून पाच डबे ओतले. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा सगळ्या गिअरांतून फिरवला, गाडी तापू दिली आणि इंजिन चालू असतानाच माप पाहिलं. दोन खुणांच्या बरोबर मध्ये, जरासं वर. पाच रिकामे डबे गोठ्याच्या भिंतीवर पालथे घातले. तीन भरलेले आतल्या फळीवर ठेवले.

घोडामैदान जवळच होतं, गावाबाहेरचा चढ. गाडी चढ चढली. इंजिन न ओरडता, धक्का न देता, पहिला, दुसरा, तिसरा. मी वर जाऊन थांबले आणि एकटीच मोठ्यानं हसले. भावाला फोन करून सांगितलं. “चालते तर चालू दे,” तो म्हणाला. त्याला माझ्याइतका आनंद झाला नाही, पण तेवढ्याची मला सवय आहे.

पुढचे दोन दिवस शेडनेटमध्ये काम होतं, गाडी उभीच होती. तिसऱ्या दिवशी खत आणायला काढली आणि अर्ध्या कोसावर तिनं दगा दिला. पूर्वीपेक्षा वाईट. ‘डी’वर टाकलं तरी दोन क्षण काहीच नाही, मग आचका. चढ तर दूरच, सपाटीवर इंजिन घूं घूं करत राही आणि गाडी सायकलच्या वेगानं सरके. कशीबशी घरी आणली. खालून लाल थेंब गळत होते आणि सायलेन्सरवर पडून धूर निघत होता.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. निदान आधी ती चालत तरी होती. मिस्त्रींनी हात लावला नव्हता ते शहाणपणानं, आणि मी लावला तो दोन रात्रींच्या वाचनावर. मला रडू आलं नाही, पण डोळ्यांपुढे ओटा आला आणि पिशवी आली. माझं वय पन्नाशीला टेकलंय. आणखी वीस वर्षं त्या ओट्यावर बसायचं, या विचाराची मला भीती वाटली.

भावाला मी स्वतःच सांगितलं. “सोमवारी ने चिखलीला. बसव क्लचची.”

तो जिंकल्यासारखं वागला नाही. मिस्त्रींना फोन करून त्यानं पेटी बघून ठेवायला सांगितलं आणि जाता जाता म्हणाला, “ताई, नेतो ना मी.”

तो शुक्रवार होता. रविवारी सकाळी मी गाडीतलं माझं सामान काढायला गेले. सीटवरची उशी, छत्री, ते जाड पुस्तक. पुस्तक हातात आलं तसं उघडलं. बिघाडांच्या यादीत पहिल्याच ओळीला होतं: सगळ्यात आधी तेलाचं माप पाहा. मी ते पाहिलं नव्हतं. स्वतः मोजून भरलेलं होतं, परत काय पाहायचं? एवढी मी माझ्या मापावर खूश. गाडी सुरू केली, तापू दिली, दांडा काढला.

दांडा खुणेच्या वर, पार वीतभर ओला होता. आणि तेल लाल नव्हतं, गुलाबी होतं. धारोष्ण दुधावर असतो तसा त्याला फेस होता.

मी दांडा पुसून पुन्हा घातला. तेवढंच. मग माझं लक्ष गोठ्याच्या भिंतीकडे गेलं. भिंतीवर डबे पालथे होते. मी मोजले. आठ.

बाबा ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी तिथूनच ओरडले, “बाबा, गाडीत तेल कोणी ओतलं?”

“मीच,” ते म्हणाले. आवाजात चोरी नव्हती, उलट थोडी फुशारकी होती. “तू फुलायच्या कामाले गेली होती तवा. तीन डबे उरले होते. तू जिथून ओतलं तिथूनच ओतलं, त्या नरसाळ्यानं. एक थेंब नाही सांडू देल्ला.”

“काऊन ओतलं?” रागात माझ्या तोंडून घरचीच भाषा निघते.

“काऊन म्हंजे? मागवले आठ, घातले पाच. मले वाटलं, तू आपली मोजून मापून घातलं असन, सपाट. जास्तीनं काय बिघडते?”

तेलाला शीग लागत नाही, हे मी त्यांना कसं सांगणार होते? पेटीतली चक्रं जास्तीच्या तेलात बुडतात आणि ते घुसळतात; घुसळलं की फेस, आणि फेसाला जोर नसतो. ताकाचं उदाहरण देऊन मी हे सांगितलं, बरंच ओरडून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “उद्या गाडी चिखलीला चालली होती बाबा. तुमच्या तीन डब्यांपायी मी जन्मभर ओट्यावर बसले असते.”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. दोनदा घातली. मग खाली फरशीकडे बघत बोलले.

“त्याच्याचसाठी तर ओतलं. तुले एकदा कमी पडलं आहेच.”

मला कळलं नाही. “काय कमी पडलं?”

“डोज. ते पोलिओचे. तीन पाजायचे होते. दोन पाजले, आरोग्य केंद्रात नेऊन, बैलगाडीनं. तिसऱ्याच्या दिवशी खळ्यावर जवारी पडली होती, बैल मोकळे नव्हते. तुही माय म्हने, जाऊन या. म्या म्हटलं, दोन झाले ना, पुरते.” त्यांनी घडी केलेलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. “पुरलं नाही.”

हे मला ठाऊक नव्हतं. आई जाऊन बारा वर्षं झाली, तीही कधी बोलली नाही. तिसरा डोस मिळाला असता तर पाय वाचला असता का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. दोन घेतलेलेही वाचले, तीन घेतलेल्यांतही एखादा सापडतो. आणि शीग लावून मोजायची सवय बाबांना त्यानंतर लागली, असंही म्हणता येत नाही, कारण आजोबाही तसेच मोजायचे म्हणतात. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या मनात मांडलं. मला रागही आला. चांगला आला. बैल मोकळे नव्हते, या गोष्टीचा सत्तेचाळीस वर्षांनी राग येणं काही कामाचं नाही, तरी आला. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की या माणसानं नरसाळं धरून, एका हातानं गाडीचा आधार घेत, एकेक डबा उचलून ओतला असेल. भरला डबा उचलताना आता त्यांचा हात थरथरतो. तरी थेंब सांडला नव्हता.

“टॉर्च घ्या,” मी म्हटलं. “आणि चला.”

जास्तीचं तेल काढायला तसराळं खोलायची गरज नव्हती. दांड्याच्या नळीत बारीक पाइप सोडला आणि फवारणीच्या जुन्या पिचकारीनं ओढत बसले. बाबा टॉर्च धरून उभे. एक डबा भरला, दुसरा भरला. तिसरा भरत आला तेव्हा मी इंजिन सुरू करून, तापवून, माप पाहिलं. अजून थोडं होतं. पुन्हा ओढलं. दुपारपर्यंत हेच चाललं. फेस बसायला वेळ लागतो, म्हणून मध्ये जेवून घेतलं. बाबांनी मला भाकरी वाढली, आणि मी ‘पुरे’ म्हटल्यावर आणखी अर्धी वाढली. मी खाल्ली.

शेवटी दांडा बाहेर काढला तेव्हा तेल दोन खुणांच्या मध्ये होतं. लाल, फेसाविना. मी तो बाबांच्या डोळ्यांपुढे धरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक दिसत नाही. त्यांनी अंगठ्याचं नख खुणेवर ठेवून चाचपून पाहिलं.

“एवढंसंच?” ते म्हणाले. “एवढ्यानं पुरते?”

“पुरते,” मी म्हटलं.

त्यांना पटलं नाही. पण तिन्ही डब्यांची झाकणं त्यांनी स्वतः घट्ट लावली.

सोमवारी सकाळी भाऊ गाडी न्यायला आला, तेव्हा मी स्टिअरिंगवर बसलेली होते. “बस,” मी म्हटलं. तो डावीकडे बसला. चिखलीपर्यंत प्रत्येक वळणाला त्याचा डावा पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता. मोठ्या चढावर त्यानं श्वास रोखला. गाडी चढली. वर गेल्यावर त्यानं श्वास सोडला आणि म्हणाला, “चालते की बे!” मोठ्या बहिणीला ‘बे’ म्हटलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मला तो त्या क्षणी फार आवडला.

मिस्त्रींनी दांडा उलटसुलट करून पाहिला, तेलाचा वास घेतला. आणलेली क्लचची पेटी कोपऱ्यात पोत्याखाली होती. ती दुसऱ्या कोणाला तरी जाईल म्हणाले. “ताई, आता अशी गाडी आली का मी तुमच्याचकडं पाठवतो.” मी म्हटलं, पाठवा, पण गाडीबरोबर घरातलं म्हातारं माणूस पाठवू नका. त्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले.

भावाला बाजारात काम होतं, तो मागाहून एसटीनं येणार होता. मी एकटी परत आले. शेडनेटमध्ये बायका खोळंबल्या होत्या, दोऱ्याची रिळं गाडीतच होती, आणि दुपारच्या आत सकाळची राहिलेली फुलं बघायची होती. अंगणात गाडी लावून उतरले आणि ओट्याकडे पाहिलं.

बाबा ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, आणि मांडीवर पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. किती वेळापासून बसले होते कोण जाणे. मला पाहून त्यांनी पिशवी थोडी बाजूला सारली, जणू ती त्यांची नाहीच.

“गाडी सुधरली म्हनून म्हटलं,” ते म्हणाले. “तुले येळ असन तर. बालाजीले. नसन तर राहू दे, काही घाई नाही.”

दिवाळीपासून ते हे म्हणत होते. प्रत्येक वेळी मी काय उत्तर दिलं होतं ते मला तिथे, त्या ओट्यासमोर आठवलं. ते दोन शब्द याही वेळी अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.

“बसा गाडीत,” मी म्हटलं.